मुशीमाशांची विद्वत्सभा आणि विद्यार्थ्यांचीं बक्षिसें

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाहीं. कयाधूचें पाणी पैनगंगेला मिळतें, पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि ती गोदावरीच्या पोटांत शिरून शेवटीं बंगालच्या उपसागरास जाते. म्हणजे आमच्या नदीला समुद्र भेटतो तो पूर्वेकडचा, आणि तोहि इतक्या नद्यांच्या मध्यस्थीनें. मुंबईचा समुद्र तर येथून पांचशें किलोमीटरांहून अधिक दूर. बाजारांत हळदीच्या राशी, देवळांत औंढ्याचा नागनाथ, आणि मासा म्हटला म्हणजे सिद्धेश्वर किंवा इसापूर धरणाच्या पाण्यांत भोई लोकांच्या जाळ्यांत सांपडणारा रोहू, कटला किंवा मरळ. अशा मुलुखांतील वाचकांपुढें शार्क व पाकट या समुद्रांतील माशांच्या संशोधकांची सभा, आणि त्या सभेंत विद्यार्थ्यांना मिळणारीं बक्षिसें, हा विषय मांडणें म्हणजे कांहींसें आडवाटेनें जाणेंच आहे. त्यांतून आपल्यांतील बहुतेक घरें शाकाहारी. सारस्वत वाचकांना मोरीचें कालवण ठाऊक असेल. आम्हां देशस्थांना मासा ठाऊक तो मत्स्यावताराच्या चित्रांतला. तरी पण हा विषय स्वयंपाकघरांतला नव्हे. तो अभ्यासाच्या खोलींतला आहे, आणि आमच्या मतें ओसरीवरच्या बैठकींतलाहि आहे.

अमेरिकेंत १९८३ सालीं ‘अमेरिकन इलास्मोब्रँक सोसायटी’ या नांवाची संस्था स्थापन झाली. ज्या माशांच्या अंगांत हाड म्हणून नसतें, ज्यांचा सारा सांगाडा आपल्या नाकाच्या शेंड्यांत असते तसल्या लवचिक कूर्चेचा असतो, त्या माशांचा अभ्यास करणाऱ्यांची ही मंडळी. शार्क, म्हणजे आपल्या कोंकणकिनाऱ्यावरची मुशी किंवा मोरी, आणि चपट्या अंगाचीं, चाबकासारख्या शेपटीचीं पाकटें, हीं दोन्हीं एकाच कुळांतलीं. या कुळाच्या बाराशेंहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांत पाकटांच्या जाती शार्कांपेक्षां अधिकच भरतात. लोकांच्या मनांत मात्र शार्क म्हणजे नरभक्षक राक्षस, हें समीकरण पक्कें बसलें आहे. १९७५ च्या एका अमेरिकन चित्रपटानें तें जगभर पसरविलें. ज्या प्राण्याला माणसानें इतकें भ्यावें त्याची माहिती माणसाला इतकी थोडी असावी, याचें नवल वाटल्यावांचून राहत नाहीं.

ही संस्था वर्षाकांठीं आपली सभा भरविते. मासे, बेडूक, सरपटणारे प्राणी यांचा अभ्यास करणाऱ्या इतर मंडळांसह ती भरते, त्यामुळें जत्रेसारखी गर्दी जमते. त्या सभेंत विद्यार्थ्यांसाठीं दोन प्रमुख बक्षिसें ठेवलेलीं आहेत. तोंडी निवेदन उत्तम करणाऱ्यास सॅम्युएल ग्रूबर यांच्या नांवाचें, आणि भित्तिपत्रकाच्या द्वारें आपलें संशोधन उत्तम मांडणाऱ्यास जेफ्री कॅरियर यांच्या नांवाचें. बक्षिसाची रक्कम किती, हा प्रश्न आपल्याकडे पहिला विचारला जातो. येथें तो अगदीं गौण आहे. त्या नांवाची ओळ विद्यार्थ्याच्या माहितीपत्रकावर आली म्हणजे पुढील शिक्षणाचीं व नोकरीचीं दारें थोडीं सैल होतात, हा खरा लाभ.

सभेची रीत अशी असते. विद्यार्थी आपल्या संशोधनाचा सारांश आधीं लेखी धाडतो. त्या दिवशीं त्याला बोलावयास जेमतेम पाव तास मिळतो, आणि त्यांतलीं शेवटचीं कांहीं मिनिटें श्रोत्यांच्या प्रश्नांसाठीं राखून ठेवावीं लागतात. समोर बसलेल्या मंडळींत असे वृद्ध पंडित असतात, कीं ज्यांचे ग्रंथ वाचून हा मुलगा किंवा ही मुलगी तो विषय शिकली. दोन वर्षें समुद्रावर भिजून, उन्हांत करपून, रात्रीं जागून जें मिळविलें तें इतक्या अवधींत सांगावयाचें. तोलून पाहावयाचें असतें तें हें: प्रश्न मुळांत नीट विचारला होता कीं नाहीं, तो सोडविण्याची रीत निर्दोष होती कीं नाहीं, हातीं लागलें तेवढेंच सांगितलें कीं त्याला फुगविलें, आणि कोणी आडवा प्रश्न केला तेव्हां हा डगमगला, चिडला, कीं शांतपणें उत्तरला. भित्तिपत्रकाची तऱ्हा निराळी. मोठ्या कागदावर आकृत्या व थोडा मजकूर लावून विद्यार्थी शेजारीं उभा राहतो, येणारा-जाणारा थांबतो, बोट ठेवून विचारतो, ‘हें कशावरून?’ व्यासपीठावर घाबरणाऱ्या मुलाला ही रीत सोपी वाटते. परंतु एका घटकेंत दहा निरनिराळ्या माणसांना तीच गोष्ट दहा तऱ्हांनीं समजावून सांगणें हेंहि कांहीं सोपें काम नव्हे.

ऑस्ट्रेलिया व आसपासच्या बेटांसाठीं २००५ सालीं अशीच एक संस्था निघाली, युरोपांतहि ती आहे, आणि २०१० सालीं ऑस्ट्रेलियांतील केर्न्स येथें साऱ्या जगांतील शार्क-अभ्यासकांची पहिली परिषद भरली. ती पुढें २०१४ त डर्बन, २०१८ त ब्राझीलमधील जुआंव पेसोआ आणि २०२२ त स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथें भरली. परंतु गांवांचीं नांवें मोजण्यापेक्षां ज्या माणसाच्या नांवानें पहिलें बक्षीस दिलें जातें, त्याची ओळख करून घेणें अधिक फलदायी होईल.

सॅम्युएल ग्रूबर (१९३८–२०१९) हे वरील संस्थेच्या संस्थापकांपैकीं. मायामी विद्यापीठांत त्यांनीं शार्कच्या डोळ्यांचा अभ्यास केला. शार्क केवळ वासावर जगतो, त्याची दृष्टि मंद असते, अशी जी सरसकट समजूत होती ती अशाच प्रयोगांनीं ढिली झाली. १९९० सालीं त्यांनीं बहामा बेटांपैकीं बिमिनी या चिमुकल्या बेटावर एक संशोधनकेंद्र उघडलें. तेथील खाजणांत, तिवरांच्या मुळांच्या आडोशाला, अंगाच्या पिवळसर छटेवरून ज्याला लेमन शार्क म्हणतात त्याचीं पिल्लें वाढतात. दरसाल तीं पिल्लें अलगद धरावयाचीं, खूण करावयाची, अंगाचा इवलासा कण आनुवंशिक परीक्षेसाठीं घ्यावयाचा आणि तीं पुन्हां पाण्यांत सोडावयाचीं, असा क्रम तेथें वर्षानुवर्षें चालला. सुमारें वीस वर्षांचा हा जमाखर्च २०१४ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां निघालें तें असें: त्या खाजणांत जन्मलेल्या कांहीं माद्या दूरच्या समुद्रांत वाढून चौदा ते सतरा वर्षांनीं स्वतःच्या पिल्लांना जन्म देण्यासाठीं नेमक्या त्याच ठिकाणीं परत आल्या होत्या. लेक बाळंतपणाला माहेरीं येते म्हणतात, ती चाल शार्कच्या कुळांत किती प्राचीन असेल! ज्या वाचकभगिनींनीं शार्क म्हणजे नुसते दांत असें मानलें असेल, त्यांनीं या गोष्टीचा विचार करावा.

योगायोग असा, कीं आपल्या शेजारच्या गुजराथेंत याच उपमेनें एक मोठें काम झालें. व्हेल शार्क हा जगांतील सर्वांत मोठा मासा, स्वभावानें अत्यंत निरुपद्रवी. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्याची मोठी शिकार होत असे. २००१ सालीं कायद्यानें त्याला अभय मिळालें. परंतु कायदा कोळ्यांच्या मनांत उतरला तो २००४ सालीं, रामकथाकार मोरारीबापूंनीं ‘ही आपली लेक, ती माहेरीं येते आहे, तिला माराल काय?’ अशा अर्थाची साद घातली तेव्हां. पुढें पुष्कळ कोळ्यांनीं जाळ्यांत अडकलेला मासा वांचविण्यासाठीं आपलीं महागडीं जाळीं स्वतःच्या हातानें कापलीं.

बिमिनीचा तो वीस वर्षांचा हिशेब ज्यांनीं रात्रीं गुडघाभर पाण्यांत उभें राहून लिहिला, त्यांत विद्यार्थ्यांचाच भरणा मोठा होता. या शास्त्राची गोष्टच अशी आहे. थोर अध्यापकाचें नांव ग्रंथावर येतें, परंतु माशाला हात लावणारा, फूटपट्टी धरणारा, पोट चिरून आंतला आहार मोजणारा हा बहुधा वीस-पंचवीस वर्षांचा विद्यार्थी असतो. तेव्हां पाहिलें त्यानेंच सांगावें, आणि सांगतांना जोखीम घ्यावी ती त्यानेंच, हा विद्यार्थ्यांच्या बक्षिसामागचा न्याय आहे. त्यांत उपकाराचा भाग कांहीं नाहीं.

हिंगोलीच्या मुलानें शार्क पाहिलाच नाहीं, असें मात्र कोणी म्हणूं नये. मागील पिढींत ज्यांनीं बी. एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलें त्यांना विचारा. फॉर्मॅलिनचा डोळ्यांना झोंबणारा वास, मेणाच्या तबकांत टांचण्यांनीं खिळलेली हातभर मुशी, आणि तिच्या डोक्यांतील मज्जातंतु न तुटतां मोकळे करण्यांत गेलेली सबंध दुपार, हें चित्र त्यांच्या डोळ्यांपुढें उभें राहील. समुद्र जन्मांत न पाहिलेल्या मराठवाड्यांतील मुलांनीं शार्क पाहिला तो असा, काचेच्या बरणींत. ही मुशी, शास्त्रीय भाषेंत स्कॉलिओडॉन, हिंदुस्थानांतील पदवीधरांच्या पाठ्यक्रमांत इतकी रुजली त्याला एक विदुषी पुष्कळ अंशीं कारण झाली. ई. एम्. थिल्लयंपलम यांनीं तिच्या शरीररचनेवर लिहिलेला ग्रंथ १९२८ सालीं लखनौहून निघाला, आणि पुढें कित्येक पिढ्यांनीं तो प्रमाण मानला. ज्या काळीं मुलींनीं शास्त्र शिकावें कीं नाहीं यावर मासिकांतून वाद झडत, त्या काळीं ही बाई शार्कच्या नसा मोजीत होती! विद्यापीठ अनुदान आयोगानें २०११ पासून प्राण्यांचें विच्छेदन क्रमाक्रमानें बंद करण्याचें धोरण घेतलें, त्यामुळें आतां ती बरणीहि फडताळांत मागें गेली आहे. प्राण्यांच्या दृष्टीनें हें बरेंच झालें. परंतु विद्यार्थ्याच्या हाताशीं जें होतें तें गेलें आणि त्याच्या जागीं पाहण्याचें दुसरें कांहीं आलें नाहीं, अशी जेथें स्थिति असेल तेथें ती चांगली म्हणतां येणार नाहीं.

मुशीवर मुंबईंतहि उत्तम काम झालें आहे, व तें करणाऱ्यांत एक मराठी नांव ठळक आहे. मुंबईच्या मत्स्यखात्यांतील एस्. बी. सेटना व पी. एन्. सारंगधर यांनीं मुंबईच्या बाजारांत येणाऱ्या शार्क-पाकटांच्या प्रजोत्पत्तीचा बारकाईनें अभ्यास केला. सारंगधरांचा वाघ्या शार्कवरील निबंध १९४३ सालीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत आला. दोघांचे मिळून गर्भवाढीवरील निबंध १९४८ व १९४९ च्या सुमारास कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमच्या अंकांतून प्रसिद्ध झाले. तो काळ आठवावा. महायुद्धामुळें विलायतेचें कॉड माशाचें तेल येईनासें झालें होतें आणि त्याच्या ऐवजीं आपल्याकडे शार्कच्या यकृताचें तेल काढूं लागले होते. हाडें बळकट व्हावींत म्हणून नाक दाबून जें तेल कित्येक शुद्ध शाकाहारी घरांतल्या मुलांच्याहि घशाखालीं गेलें, त्याचा उगम कशांत होता, हें आजीला कोणी सांगितलें नसावें!

या मुशीच्या गर्भाची हकीकत खरोखर अद्भुत आहे. सामान्य मासा हजारों अंडीं पाण्यांत सोडून निघून जातो. मुशी तसें करीत नाहीं. तिचें अंडें जेमतेम एक मिलिमीटर. शार्कांच्या कुळांत इतकें लहान अंडें दुसऱ्या कोणाचें ठाऊक नाहीं. त्यांत पिल्लाला पुरेल इतकें अन्न मुळींच नसतें. म्हणून आईच्या उदरांत वार तयार होते, नाळ तयार होते, आणि पिल्लू त्या नाळेंतून आईच्या रक्तावर पोसतें, अगदीं माणसाच्या बाळासारखें. पिल्लांची संख्याहि हजारांत नसते. एका खेपेस चार-दोनांपासून फार तर वीसपर्यंत. आतां जो प्राणी असा मोजकीं लेंकरें जन्माला घालतो, त्याला बेसुमार धरलें तर त्याचें कुळ किती काळ टिकावें? सारंगधरांनीं ज्या बाजारांत उभें राहून नमुने निवडले, तेथें त्या वेळीं दिसणारा करवती मासा, ज्याच्या तोंडापुढें खरोखरच दांतेरी करवत असते, आज आपल्या किनाऱ्यावर दिसला तर वर्तमानपत्रांत बातमी होते. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणींत या कुळाच्या एक तृतीयांशाहून अधिक जाती नष्ट होण्याच्या मार्गावर असल्याचें आढळलें. आणि खुल्या महासागरांतील शार्क-पाकटांची संख्या १९७० पासून शेंकडा ७१ नें घटली, असा हिशेब त्याच वर्षीं दुसऱ्या एका पाहणींत निघाला.

येथेंच त्या पाव तासाच्या निवेदनाला वजन येतें. २००१ सालच्या जुलैंत केंद्र सरकारनें एका फटक्यांत या कुळांतील सर्वच जातींना वन्यप्राणी संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत घातलें. मुशीवर पोट असणाऱ्या कोळ्यांनीं हाकाटी केली. कोणती जात दुर्मिळ, कोणती मुबलक, कोणती किती वर्षांनीं वितें, हें बोट ठेवून सांगणारी माहिती अपुरी. शेवटीं डिसेंबरांत ती यादी दहा जातींवर आणण्यांत आली. आधीं सगळें बंद आणि पांच महिन्यांनीं बहुतेक सगळें मोकळें! २०२२ च्या दुरुस्तीनें पुन्हां पुष्कळ जाती परिशिष्टांत आल्या. कायदा करणाऱ्यांना आम्ही दोष देत नाहीं. त्यांना सांगणारे थोडे होते. ससून डॉकवर, हर्णैला, मालवणला पहांटे होड्या लागतात तेव्हां टेप व वही घेऊन उभा राहणारा, कोळिणीच्या तोंडून माशाचें गांवठी नांव टिपून घेणारा, कानमुशीच्या एका जातीचें पिल्लू दुसऱ्या जातीच्या पिल्लापासून ओळखणारा विद्यार्थी हा त्या माहितीचा मूळ झरा आहे. परंतु वहींत राहिलेली माहिती कोणाच्याच उपयोगी नाहीं. ती सभेंत येऊन, दहा जणांच्या प्रश्नांच्या माऱ्यांतून तावूनसुलाखून बाहेर पडली म्हणजे मग मंत्र्याच्या मेजावर ठेवण्याजोगी होते.

आतां आमच्या जिल्ह्याकडे वळूं. सभेंतल्या परीक्षेची कथा या मातीला नवी नाहीं. हिंगोलीजवळचें नरसी हें नामदेवांचें जन्मगांव म्हणून परंपरेनें मानलें जातें. संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईच्या सूचनेवरून गोरोबाकाकांनीं आपलें थापटणें उचललें आणि मडकीं पारखावीं तशीं एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलीं. बाकीचे निमूट बसले, नामदेव कळवळले, ‘हें मडकें कच्चें’ असा निवाडा झाला. त्यानंतर नामदेवांनीं गुरु शोधला तो औंढ्याच्या नागनाथाच्या देवळांत, विसोबा खेचरांच्या रूपानें. परीक्षेंत कच्चा ठरलेला मनुष्य जातो कोठें, याचें इतकें चांगलें उदाहरण दुसरें सांपडणें कठीण. मात्र त्या सभेंत व या सभेंत एक मोठा फरक आहे, आणि तो आमच्या घरांनीं नीट ध्यानांत घेण्याजोगा आहे. तेथें जो गप्प राहिला तो पक्का ठरला; येथें जो गप्प राहिला तो कच्चा.

आपल्या घरांतून मुलांचें पाठांतर उत्तम करून घेतलें जातें. रामरक्षा, अथर्वशीर्ष, गीतेचा पंधरावा अध्याय, पाढे, सारें काहीं बिनचूक. गणेशोत्सवांत वक्तृत्वस्पर्धा होतात, तेथें आठ वर्षांचीं मुलें हातवारे करून देशभक्तीवर बोलतात आणि आजोबांचे डोळे भरून येतात. यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु एका शाळेच्या विज्ञानप्रदर्शनांत आम्हीं पाहिलेला प्रसंग असा: एक चुणचुणीत मुलगी पाणी गाळण्याच्या यंत्राची माहिती घडाघडा म्हणून गेली. एका पाहुण्यांनीं मायेनेंच विचारलें, ‘बाळ, वाळू वर आणि कोळसा खालीं, असें कां?’ मुलगी थांबली, शिक्षकांकडे पाहिलें, आणि पुन्हां पहिल्यापासून म्हणूं लागली. तिला यंत्र येत होतें. तिला प्रश्न येत नव्हता. तिचें घर पाहिलें तर उत्तम संस्काराचें, एकत्र कुटुंबाचें. मोठ्यांपुढें उलट बोलूं नये, हें तिला लहानपणापासून शिकविलेलें. उलट बोलणें निराळें आणि उलट विचारणें निराळें, हा भेद कोणी शिकविला नव्हता.

आणि हा भेद आपल्या परंपरेंत नव्हता असें थोडेंच आहे? शास्त्रार्थांत पूर्वपक्ष मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला तोंड उघडतां येत नसे. पुण्यास श्रावणांत वांटली जाणारी दक्षिणा खंडेराव दाभाड्यांनीं सुरू केली व पेशव्यांनीं वाढविली. विद्वानांना ती परीक्षा देऊन मिळे. पुढें रमण्यांत केवळ जन्माच्या अधिकारावर हात पसरणाऱ्यांची गर्दी झाली आणि परीक्षा मागें पडली, हा भाग निराळा. १८४९ सालीं लोकहितवादी प्रभृति सुधारकांनीं त्या पैशांतून मराठी ग्रंथांना उत्तेजन द्यावें असा अर्ज केला, त्या वेळीं पुण्यांत केवढें वादळ उठलें! १८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली ती त्याच धडपडींतून. बक्षीस देऊन विद्या वाढवावी ही कल्पना आपण अमेरिकेकडून उसनी घेतलेली नाहीं. बक्षिसाआधींचा प्रश्न मात्र आपण मध्यंतरीं गमावला.

जिल्ह्यांतील मुलाला अशा सभेची तालीम मिळण्याच्या जागा अगदींच नाहींत असें नव्हे. १९९३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेंत दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनीं आपल्या गांवांतीलच एखादा प्रश्न घेऊन, त्याचा शोध करून, जिल्हा, राज्य व देश अशा पायऱ्यांनीं परीक्षकांपुढें मांडावयाचा असतो, आणि तो आपल्या भाषेंत मांडण्याची मुभा असते. महाविद्यालयांत गेल्यावर, २००६ पासून महाराष्ट्रांतील विद्यापीठांत चालू झालेली ‘आविष्कार’ ही संशोधनस्पर्धा आहे. हिंगोलीचीं महाविद्यालयें नांदेडच्या १९९४ सालीं स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखालीं येतात. आणि शास्त्र आमच्या दाराशींहि येऊन ठेपलें आहे: गुरुत्वलहरी टिपणारी प्रचंड वेधशाळा औंढा नागनाथाजवळ उभी करण्यास २०१६ सालीं तत्त्वतः आणि २०२३ सालीं सुमारें २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. तेथें उद्यां जगांतले पंडित येतील. त्यांच्यापुढें उभें राहून ‘हें कशावरून?’ विचारणारीं मुलें जवळच्या गांवांतलीं असावींत, ही अपेक्षा अवास्तव नाहीं.

भाषेची अडचण खरी आहे, ती झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. शार्कांच्या सभेंत इंग्रजी चालते, आणि जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला पाव तासांत जें सहज सांगतां येतें त्यासाठीं आमच्या मुलाला रात्ररात्र तयारी करावी लागते. उच्चाराला गुण देणारा परीक्षक हा वाईट परीक्षक होय, असें आमचें स्पष्ट मत आहे. तो माशाची परीक्षा घेण्याऐवजीं जिभेची घेतो. परंतु दुसरी बाजूहि पाहावी. ज्याला एखादी गोष्ट मराठींत, आपल्या आजीला समजेल अशी सांगतां आली, त्याला ती इंग्रजींत सांगणें फार तर महिन्याभराचें काम. ज्याला ती मराठींतहि सांगतां येत नाहीं, त्याचें इंग्रजी कितीहि अस्खलित असो, पहिल्या प्रश्नाला त्याचा फुगा फुटतो.

म्हणून आम्ही सुचवितों तें घरगुतीच आहे. रात्रीं जेवणें आटोपल्यावर एकत्र कुटुंबांत दहाबारा माणसें सहज जमतात. इतके श्रोते मोठ्या शहरांतल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत मिळत नाहींत. आठवड्यांतून एकदां एका मुलानें, स्वतः पाहिलेल्या एका गोष्टीवर, घड्याळ लावून दहा मिनिटें बोलावें, आणि मग पांच मिनिटें घरच्यांनीं विचारावें. काकांनीं, आत्यांनीं, आणि विशेषतः धाकट्या भावंडांनीं. पुस्तकांतलें वाचून सांगूं नये; पाहिलेलेंच सांगावें. ‘मला ठाऊक नाहीं, पाहून सांगतों’ हें उत्तर पूर्ण गुणांचें धरावें. सुनांनींहि विचारावें, पदवीधर सुना घरांत असून प्रश्न विचारण्याचा मान फक्त आजोबांना, असें असूं नये. आणि मुलीची पाळी आली म्हणजे ‘तिला आधीं भांडीं आवरूं द्या’ हें वाक्य त्या रात्रीं तरी कोणी उच्चारूं नये. हेंहि लिहिणें भाग आहे, कारण समुद्रावर राहून मासे मोजण्याची विद्या शिकूं पाहणाऱ्या मुलीला घरांतून होणारा पहिला प्रश्न ‘तेथें तूं राहणार कोठें?’ असतो, आणि मुलाला ‘त्यांत पगार किती?’ या दोन्ही प्रश्नांना उत्तरें आहेत, पण तीं शोधण्याइतका वेळ मुलांना द्यावा लागतो.

विषय कोठून आणावा, अशी शंका कोणी काढील. ती काढणाऱ्यानें एका रविवारीं मुलाला घेऊन सिद्धेश्वरच्या काठीं जावें. तेथें भोयांची टोपली रिकामी होत असतांना प्रत्येक माशाचें त्यांच्या तोंडचें नांव, त्याची लांबी, तो कोणत्या महिन्यांत मिळतो, वडिलांच्या वेळीं कोणता मिळत असे व आतां मिळत नाहीं, एवढें वहींत लिहावें. रोहू-कटल्याचें बीज आणून सोडलेलें असतें. मूळचे नदीचे मासे कोणते उरले, हा प्रश्न वहीच्या तिसऱ्याचौथ्या पानावर आपोआप उभा राहील. नांवें विचारतांना म्हाताऱ्या भोयालाच विचारावें, त्याच्या मुलाला नव्हे. आणि पावसाळ्याच्या आधीं एकदां व नंतर एकदां जावें, म्हणजे दोन याद्या शेजारीं ठेवून पाहतां येतील.